नॉट मोजायचा म्हणजे नक्की काय करायचं: दोरी, लाकडाचा तुकडा आणि २८ सेकंदांची वाळू

नॉट हा शब्द आपण सगळ्यांनी ऐकलेला असतो, वादळाच्या बातमीत वाऱ्याचा वेग सांगताना, विमानाच्या कॉकपिटमधल्या बोलण्यात, जहाजांच्या माहितीत. एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, म्हणजे १.८५२ किलोमीटर, हे कुठेही सापडतं आणि तिथेच विषय संपतो. मला मात्र बरेच दिवस हे खुपत होतं की वेगाच्या एककाला गाठ असं नाव पडतं म्हणजे कोणीतरी कधीतरी खरोखरची गाठ मोजली असणार, आणि ती कशी मोजली हे वाचून कळतं पण हाताला कळत नाही. म्हणून शेवटी ठरवलं की हे सगळं सामान स्वतः बनवायचं आणि मित्राच्या शिडाच्या बोटीवरून पाण्यात टाकून बघायचं. जे केलं ते सगळं लिहितोय, थोडं लांबेल.

मूळ यंत्र तीन वस्तूंचं आहे. लाकडाची चतकोर आकाराची फळी, तिला बांधलेली लांब दोरी जिच्यावर ठरावीक अंतरावर गाठी आहेत, आणि वाळूचं छोटं घड्याळ. फळी पाण्यात टाकायची, ती पाण्यात जागेवर उभी राहते, बोट पुढे जाते, दोरी रिळावरून सुटत जाते. वाळू संपेपर्यंत जितक्या गाठी हातातून गेल्या तितके नॉट. झालं. ह्याला लॉग म्हणायचे, लॉग म्हणजे ओंडका. छापील पुस्तकात ह्याचं पहिलं वर्णन १५७४ साली विल्यम बोर्न नावाच्या इंग्रज लेखकाने केलेलं आहे. त्याच्याआधी खलाशी सरळ अंदाजाने वेग सांगायचे, कोलंबस १४९२ साली निघाला तेव्हा त्याच्याकडे हे यंत्र नव्हतं, पाण्याचा फेस बघून आणि अनुभवाने वेग ठरवायचा आणि त्यावरून आज किती अंतर कापलं ते नोंदवायचं. अजून एक पद्धत होती ती म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाला लाकडाचा तुकडा पाण्यात टाकायचा आणि तो मागच्या टोकापर्यंत यायला किती वेळ लागतो ते मोजायचं. कल्पना तीच, पण तिथे अंतर जहाजाच्या लांबीएवढंच मिळतं, त्यामुळे मोजायला सेकंद हाताशी फार थोडे असतात. दोरीने ते अंतर पाहिजे तितकं लांबवता आलं, ही खरी उडी होती.

आधी फळी. साधारण सहा इंच त्रिज्येचं वर्तुळ घ्यायचं आणि त्याचा चौथा भाग कापायचा. मी जाड प्लायवूड वापरलं, जुन्या काळी साधी फळीच असायची. गोलाकार कडेला शिशाची पट्टी ठोकायची म्हणजे ती कड खाली जाते आणि टोक वर राहतं. ह्यात सगळी गंमत शिसं किती ठोकायचं ह्यात आहे. टबात पाणी भरून मी पट्टी थोडी थोडी कापत बसलो, कारण फळी उभी तर राहायला पाहिजे पण बुडता कामा नये, फक्त वरचं टोक पाण्याच्या पातळीवर नुसतं दिसेल इतपत. जास्त भाग बाहेर राहिला तर वारा आणि लाटा तिला ढकलतात, बुडाली तर दोरीच्या वजनाने खाली खाली जाते. जमल्यावर मात्र ती अशी ताठ उभी राहते की बोटाने ढकललं तरी पुन्हा सरळ होते, आणि आडवी ओढायला गेलं तर पाणी केवढा विरोध करतं ते हाताला लगेच कळतं. तोच विरोध आपल्याला पाहिजे असतो, कारण फळीने पाण्याला धरून बसायचं आणि बोटीने निघून जायचं असा सगळा हिशोब आहे.

पण मग हीच फळी परत ओढून कशी घ्यायची? बोट चालू असताना एवढा विरोध करणारी वस्तू ओढणं म्हणजे भरलेली बादली ओढण्यासारखं. त्यावर जुन्या लोकांनी जी युक्ती काढली ती मला ह्या सगळ्या यंत्रात सर्वात जास्त आवडली. फळीच्या तीन कोपऱ्यांना भोकं. वरच्या कोपऱ्याची दोरी पक्की गाठ मारून मुख्य दोरीला बांधलेली. खालच्या दोन कोपऱ्यांच्या दोऱ्या मात्र एका लाकडी खुंटीला बांधायच्या आणि ती खुंटी मुख्य दोरीवर बांधलेल्या एका पोकळ लाकडी तुकड्यात दाबून बसवायची. मोजून झालं की दोरीला जोरात हिसका द्यायचा, खुंटी निसटते, फळी एकाच कोपऱ्यावर लटकते आणि पाण्यावर आडवी होऊन सुरसुरत येते. खुंटी किती घट्ट बसवायची हे सांगून येत नाही. फेकताना सुटता कामा नये आणि हिसक्याने सुटलीच पाहिजे. त्यात लाकूड पाण्यात फुगतं, म्हणजे कोरडी असताना जरा सैल वाटेल अशीच ठेवायला लागते. मी पॉलिश पेपरने घासत, भिजवत, परत घासत ती जुळवली आणि ह्या एवढ्याशा खुंटीवर फळीपेक्षा जास्त वेळ गेला.

आता दोरी, आणि इथे खरा हिशोब आहे. एका तासात ३६०० सेकंद. सागरी मैल जुन्या ब्रिटिश मापाने ६०८० फूट. घड्याळ २८ सेकंदांचं. मग जहाज तासाला एक सागरी मैल जात असेल तर २८ सेकंदांत किती जाईल? ६०८० गुणिले २८ भागिले ३६००, उत्तर येतं ४७ फूट आणि साधारण ३ इंच. म्हणजे दोन गाठींमधलं अंतर ४७ फूट ३ इंच, आजच्या मापात जवळपास १४.४० मीटर. घड्याळ ३० सेकंदांचं असेल तर अंतर साडेपन्नास फुटांच्या जरा वर जातं. हे प्रमाण एकदा जुळलं की खलाशाला काहीही गुणाकार भागाकार करायला लागत नाही, गाठी मोजायच्या आणि आकडा बोलायचा, ज्याला लिहिता वाचता येत नाही तोही बरोबर वेग सांगणार. म्हणूनच नॉट प्रति तास म्हणू नये असं आजची पुस्तकं सांगतात, कारण तो तास दोरीवरच्या अंतरात आधीच धरलेला आहे. अर्थात जुन्या खलाशांच्या लिखाणातसुद्धा तासाला इतक्या नॉट असं सापडतं कारण तेव्हा नॉट हा शब्द सागरी मैल ह्या अर्थानेही सर्रास वापरत होते, तेव्हा कोणी तसं म्हटलं म्हणून त्याला लगेच अडाणी ठरवायचं कारण नाही.

दोरी मी मुद्दाम नैसर्गिक धाग्याची घेतली, तीन पदरी पीळ असलेली, कारण नायलॉनवर काम सोपं झालं असतं पण मग जुन्या लोकांना काय सांभाळावं लागत होतं ते कळलं नसतं. ही दोरी भिजली की आखडते. म्हणून आधी रात्रभर पाण्यात ठेवली, मग ताणून बांधली, आणि ओली असतानाच मापं घेतली. वाळल्यावर परत मोजून बघितलं तर अंतरं सरळ बदललेली, परत भिजवली की परत जागेवर. जहाजावरही लॉगची दोरी ओलीच मोजायची आणि अधूनमधून तपासत राहायचं अशी शिकवण होती कारण वापरून वापरून ती ताणली जाते. खुणेसाठी दोरीलाच गाठ मारली तर लांबी खाल्ली जाते, त्यामुळे पीळ उघडून त्यात बारीक सुतळीचा तुकडा ओवायचा आणि त्या सुतळीला गाठी मारायच्या, पहिल्या खुणेला एक, दुसऱ्या खुणेला दोन, असं. त्याचा फायदा पाण्यावर कळतो, अंधारातही बोटाने चाचपून कितवी खूण ते सांगता येतं.

फळीपासून पहिल्या खुणेपर्यंतची दोरी हिशोबात धरत नाहीत. बोटीच्या मागे पाणी खळबळलेलं असतं, ते बोटीबरोबर ओढलं जातं, त्यात फळी असेपर्यंत मोजलं तर वेग कमी येणार. म्हणून फळी त्या पाण्यातून बाहेर पडेपर्यंत दोरी मोकळी सोडायची आणि तिथे फडक्याची चिंधी बांधायची. चिंधी हातातून गेली की घड्याळ उलटं करायचं. मोठ्या जहाजांवर ही मोकळी दोरी चांगली लांब असायची, आमच्या छोट्या बोटीला पंधराएक मीटर पुरली.

वाळूचं घड्याळ पण घरीच. दोन छोट्या काचेच्या बाटल्या तोंडाला तोंड लावून, मध्ये बारीक भोक पाडलेली चकती, वरून दोरा गुंडाळून मेण. जुनी घड्याळं अशीच दोन वेगळ्या काचा जोडून केलेली असायची, एकसंध काच फुगवून करणं नंतर आलं. वाळू चाळून, भाजून कोरडी केली आणि स्टॉपवॉच लावून चिमूट चिमूट काढत २८ सेकंदांवर आणली. सील करताना हवा दमट असेल तर वाळू चिकटते आणि घड्याळ रेंगाळतं. हे अगदी खरंय, म्हणजे पुस्तकात घड्याळ तपासत जा म्हणून जी सूचना असते ती उगाच नाही, कारण वाळू दोन सेकंद जास्त घेत असेल तर दहा नॉटला जवळपास पाऊण नॉटचा फरक पडतो आणि असा फरक दिवसभर साठत गेला तर नकाशावर आपण कुठल्या कुठे. वेगवान जहाजांवर १४ सेकंदांचं दुसरं घड्याळ ठेवायचे, त्यात आलेला आकडा दुप्पट करायचा, कारण जोरात जाताना २८ सेकंदांत दोरीच संपायची वेळ यायची.

बोटीवर चौघं लागले. एक सुकाण्यावर, एक रीळ दोन्ही हातांनी वर धरून उभा, एक घड्याळवाला, आणि दोरी टाकायला मी. वारा बाजूने येत होता, छान एकसारखा. फळी टाकायची ती मागच्या कठड्यावरून, वाऱ्याखालच्या बाजूला. टाकण्याआधी हातात थोडी दोरी सैल गोळा करून घ्यायची म्हणजे फळी पडताना हिसका बसून खुंटी निसटत नाही. फळी पाण्यावर पडली, क्षणभर आडवी झाली, मग उभी राहिली, आणि रिळाने जो आवाज सुरू केला तो आम्हा कोणालाच अपेक्षित नव्हता, इतका जोराचा. चिंधी आली, मी ओरडलो "टर्न", घड्याळ उलटलं. मग दोरी बोटांतून जाताना पहिली गाठ टक्कन लागते, मग बराच वेळ नुसती ओली दोरी, मग दुसरी गाठ. साडेचार नॉटच्या आसपास दर सहा सेकंदांनी एक खूण येते. त्या तालावर आपोआप लक्ष लागतं, आणि वाऱ्याची झुळूक वाढली की पुढची गाठ जरा लवकर आल्याचं बोटांना कळतं, स्क्रीनवरचा आकडा बदलायच्या आधी. "स्टॉप" असा आवाज आला की दोरी मुठीत करकचून धरायची, त्याच झटक्यात खुंटी सुटते आणि मागे पाण्यावर फळी आडवी झालेली दिसते. चौथी खूण जाऊन त्याच्या पुढे जवळपास नऊ मीटर दोरी गेली होती. म्हणजे ४.६ नॉट.

आता बोटीवर दोन आधुनिक आकडे पण होते. बोटीच्या बुडाला पाण्याने फिरणारं छोटं चाक असतं त्याचा आकडा होता ४.७. आणि जीपीएस दाखवत होतं ५.६. मित्र म्हणाला बघ, एका नॉटने चुकलास. पण चूक कुठेच नव्हती आणि मला हेच दाखवायचं होतं! ओहोटीचं पाणी आमच्याच दिशेने वाहत होतं, साधारण एक नॉटने. फळी पाण्याला धरून उभी असते, आणि पाणी स्वतःच चाललेलं असेल तर फळीही त्याच्याबरोबर चालते. दोरी पाण्याच्या तुलनेत वेग सांगते, जीपीएस जमिनीच्या तुलनेत. बोट वळवून उलट दिशेला घेतली, वारा आता दुसऱ्या बाजूने पण तेवढाच, दोरीवर पुन्हा साडेचारच्या आसपास आणि जीपीएसवर साडेतीन. मित्राने मग स्वतःहून दोरी हातात घेतली.

जुन्या काळच्या प्रवासातली सगळी अनिश्चितता ह्या एका फरकात दडलेली आहे हे तेव्हा नीट समजलं. वेग माहिती, दिशा होकायंत्रावर माहिती, वेळ माहिती, ह्या तिघांवरून आपण कुठे पोचलो ते काढायचं. पण खालचं पाणी आपल्याला कुठे घेऊन चाललंय हे दोरी सांगूच शकत नाही. जमीन दिसेना, ढगांमुळे सूर्यतारे दिसेनात, अशा वेळी दिवसचे दिवस लोक ह्या आकड्यावर जहाज चालवायचे.

आणि सागरी मैल तरी नक्की केवढा हेही बराच काळ ठरलेलं नव्हतं. सागरी मैल म्हणजे अक्षांशाचा एक मिनिट, एका अंशाचा साठावा भाग. त्यामुळे नकाशाच्या कडेला अक्षांशाची पट्टी असते तिथेच कंपासने अंतर मोजता येतं, पाच नॉटने एक तास गेलात तर त्या पट्टीवर पाच मिनिटं, इतकं सरळ. पण मिनिट केवढा हे कळायला पृथ्वी केवढी ते कळायला पाहिजे. इंग्रज खलाशी सुरुवातीला मैल ५००० फुटांचा धरायचे, ३० सेकंदांच्या घड्याळाला त्याने गाठींमधलं अंतर येतं ४२ फूट, म्हणजे सात फॅदम, आपल्या भाषेत सात वाव. मग रिचर्ड नॉरवुड नावाच्या गणितज्ञाने लंडन ते यॉर्क हे अंतर साखळीने आणि काही ठिकाणी पावलांनी मोजलं, दोन्हीकडे सूर्याची उंची घेऊन अक्षांशातला फरक काढला, आणि १६३७ साली छापलं की मिनिट ६१२० फुटांचा आहे. आजच्या मापाच्या एक टक्क्याच्या आत! साखळी घेऊन रस्त्याने चालत जाऊन पृथ्वीचं माप एवढं जवळ आणणारा माणूस, मला त्याच्याबद्दल फार आदर वाटतो.

त्याच्या मापाने ३० सेकंदांना गाठी ५१ फुटांवर पाहिजेत. तरीही खलाशांनी ४२ फुटांची दोरी कितीतरी दशकं सोडली नाही. ह्याला नुसता हट्ट म्हणता येणार नाही. गाठी जवळ असल्या की जास्त गाठी मोजल्या जातात, वेग जास्त वाटतो, आणि वहीतलं जहाज खऱ्या जहाजाच्या पुढे राहतं. म्हणजे किनारा आता येईल आता येईल म्हणून माणसं आधीपासून सावध होतात. उलटं झालं, वहीत मागे आणि प्रत्यक्षात पुढे, तर रात्री खडकावर. ज्याचा जीव त्या आकड्यावर आहे तो कुठल्या बाजूला चुकलेलं चालेल हे बघणारच. दोरी हातात धरल्यावर मला त्यांचं म्हणणं पटलं. पुढे आंतरराष्ट्रीय परिषदेत १९२९ साली सागरी मैल १८५२ मीटर ठरला, कारण पृथ्वी पुरती गोल नसल्यामुळे मिनिटही सगळीकडे सारखा नसतो, विषुववृत्ताजवळ १८४३ मीटरच्या आसपास आणि ध्रुवांजवळ १८६२ च्या जवळ.

जहाजावर साधारण दर तासाला लॉग टाकायचे. आकडा आधी पाटीवर खडूने, मग वहीत, आणि त्या वहीलाच लॉगबुक हे नाव पडलं, आज कॉम्प्युटरवर आपण लॉग इन करतो तो लॉग तिथूनच आला. अठराव्या शतकातल्या वहीचं पान बघितलंत तर एच, के, एफ असे रकाने दिसतात, तास, नॉट, फॅदम. दोन गाठींतलं अंतर साधारण आठ फॅदम, म्हणून के खाली ७ आणि एफ खाली ४ असेल तर साडेसात नॉट. आधी असं पान बघितलं की मला नुसते आकडे दिसायचे, आता प्रत्येक ओळीला कोणीतरी ओल्या हाताने दोरी परत गुंडाळलीय हे माहिती असतं, आणि गुंडाळणं हेच सर्वात कंटाळवाणं आणि दमवणारं काम आहे, खांदे भरून येतात. रात्री, पावसात, दर तासाला, महिनोन् महिने. त्याच वह्यांतल्या वाऱ्याच्या नोंदी आज हवामानाचा इतिहास शोधणारे लोक वापरतात, १७५० ते १८५० च्या काळासाठी खास.

नंतर यंत्रं आली. एडवर्ड मॅसीने १८०२ साली पाण्यात फिरणाऱ्या पंख्याच्या लॉगचं पेटंट घेतलं, थॉमस वॉकरचा लॉग १८६१ चा, त्यात पंखा जितका फिरेल त्यावर काटे अंतर दाखवतात, त्यामुळे तासाला एकदा मोजायची भानगड नाही, सलग नोंद. तरी लाकडी फळी एकोणिसाव्या शतकात बराच काळ टिकून राहिली. कटी सार्क ह्या प्रसिद्ध शिडाच्या जहाजाचा सर्वात जास्त नोंदलेला वेग साडेसतरा नॉट आहे. माझ्या दोरीच्या हिशोबाने तो २८ सेकंदांत अडीचशे मीटरपेक्षा जास्त दोरी, म्हणजे रीळ धरणाऱ्याच्या हातांचं काय होत असेल विचार करा.

कोणाला करून बघायचं असेल तर फळी आणि घड्याळात फार अडकू नका, स्टॉपवॉचही चालेल, पण दोरीवरच्या खुणा ओल्या दोरीवर घ्या, रीळ धरणाऱ्याला हातमोजे द्या, आणि सुकाण्यावरच्याला आधी सांगून ठेवा की दोरी पाण्यात असेपर्यंत इंजिन सुरू करायचं नाही, पंख्यात गुंतली तर सोडवायला पाण्यात उतरावं लागतं. आमच्याकडे पुढचं काम १४ सेकंदांचं घड्याळ, वारा जोराचा असेल तेव्हासाठी, त्याच्या बाटल्या आणून ठेवल्यात.